न मरणारी व्यक्ती

आपले पूर्वज गिरमिटाच्या कागदावर अंगठा उठवून मुंबई बंदरातून मॉरिशसकडे निघाले, तेव्हा ‘कंपनी’ ही चीज त्यांना फार तर नावाने ठाऊक असेल. पुढे कित्येक ऊसमळे कंपन्यांच्या मालकीचे झाले. मळेवाला मरे, कंपनी मात्र मरत नसे. याच कायदेशीर युक्तीच्या आधारावर आज अमेरिकेत आपली मंडळे व देवळे उभी आहेत.

१७६९ साली इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्या सनदेने न्यू हॅम्पशायर वसाहतीत डार्टमथ कॉलेज स्थापन झाले. संस्थापक एलिझर व्हीलॉक हे धर्मोपदेशक. मूळ देणग्या तेथील आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी गोळा झालेल्या. (ती मुले तेथे फार थोडी शिकली, हे दुःख वेगळे.) १८१५ साली विश्वस्तांनी संस्थापकांचे चिरंजीव जॉन व्हीलॉक यांस अध्यक्षपदावरून दूर केले. तंटा राजकारणात शिरला आणि १८१६ साली राज्याच्या विधिमंडळाने सनदच बदलून कॉलेजचे विद्यापीठ करून टाकले. संस्थेची मोहोर व दप्तर चिटणीस वुडवर्ड यांच्या हाती होते. ते नव्या पक्षास मिळाले. जुन्या विश्वस्तांनी दप्तरासाठी दावा लावला आणि राज्याच्या न्यायालयात ते हरले. सर्वोच्च न्यायालयात त्यांची बाजू त्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी डॅनियल वेब्स्टर यांनी मांडली. २ फेब्रुवारी १८१९ रोजी सरन्यायाधीश मार्शल यांनी निर्णय दिला की, सनद हा करार आहे आणि संविधानाप्रमाणे राज्यास तो मोडता येत नाही. सनदेने घडलेली संस्था ही डोळ्यांस न दिसणारी, केवळ कायद्याने निर्मिलेली व्यक्ती होय. माणसे बदलली तरी ती तीच राहते. वुडवर्ड निकालापूर्वीच, १८१८ साली, वारले होते. कॉलेज आजही चालू आहे.

नोंदणी नसलेल्या मंडळाची जागा बहुधा एखाद्या सद्गृहस्थाच्या नावे घेतली जाते, आणि ते गेले की वारस दारात उभे राहतात. नोंदणी झाल्यावर जागा संस्थेची व कर्जही संस्थेचे. सभासदांच्या घरादारास सामान्यतः धक्का लागत नाही. मात्र ज्याने स्वतः हमी दिली असेल, त्याची सुटका नाही.

‘विनानफा’ या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. शिल्लक उरण्यास बंदी नाही, ती आपसांत वाटून घेण्यास आहे. शिवाय राज्यातील नोंदणी व संघराज्याची करमाफी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाचशे एकाव्या कलमाखाली करमाफी मिळालेली धर्मादाय संस्था विसर्जित झाली, तर उरलेली मालमत्ता तशाच कार्यास द्यावी लागते.

आणि चिटणिसांनी भाडेपट्ट्यावर सही करताना आधी संस्थेचे नाव व मग आपले पद अवश्य लिहावे. नुसत्या स्वतःच्या नावाने सही केली, तर भाडे त्यांच्याकडेच मागितले जाण्याचा धोका असतो.