शेजाऱ्याच्या विजेचा हिशेब

वैशाखांत नागपुरांतील घरोघरीं कूलरची घरघर सुरू झाली कीं वीजबिलाची चर्चाहि सुरू होते. २३ मे २०१३ रोजीं या शहरांत पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा हवेंत काटकसरीचा उपदेश करणें सोपें नाहीं. बिल हातीं आलें म्हणजे गृहिणी प्रथम रक्कम पाहते, मग युनिटें, आणि मग कुंपणापलीकडे सहज विचारते, "तुमचें किती आलें हो?" या साध्या प्रश्नावर गेल्या वीस वर्षांत एक शास्त्र आणि एक व्यापार उभा राहिला आहे.

विहिरीवरून कोणी किती घागरी पाणी नेलें हें पूर्वीं साऱ्या आळीला दिसे. सरपणाची गाडी कोणाच्या दारीं उतरली हेंहि लपत नसे. तारेंतून येणारी वीज मात्र कोणालाच दिसेना, खुद्द वापरणारालाहि नाहीं. मीटर भिंतीवर एकटा फिरत राहिला आणि त्याचा आंकडा घरमालक व कंपनी या दोघांतच राहिला. शेजाऱ्यांचा डोळा विजेवर पुन्हां कसा आणावा, हा प्रश्न प्रथम अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांनीं हातीं घेतला.

कॅलिफोर्निया प्रांतांत सान मार्कोस नांवाचें गांव आहे. तेथील सुमारें २९० घरांवर वेस्ली शुल्ट्झ, रॉबर्ट चियाल्डिनी प्रभृति संशोधकांनीं केलेल्या प्रयोगाचा वृत्तांत २००७ सालीं प्रसिद्ध झाला. प्रत्येक दाराला एक चिठ्ठी अडकविण्यांत आली. तींत त्या घराचा वीजवापर व वस्तीची सरासरी हीं शेजारीं शेजारीं मांडलीं होतीं. सरासरीहून अधिक वीज जाळणारे खालीं आले. परंतु जे आधींच काटकसरी होते ते, आपण उगीच मन मारीत होतों असें वाटूनच कीं काय, वर चढले! मग कांहीं चिठ्ठ्यांवर, कमी वापर करणाऱ्यांसाठीं, एक हसरा चेहरा काढला गेला. तेवढ्या शाबासकीनें त्यांची काटकसर टिकली.

याच मंडळींनीं लोकांना असेंहि विचारलें कीं, तुम्ही वीज कां वाचवितां? उत्तरांत पर्यावरण, पुढील पिढ्या व पैसा यांचीं नांवें पुढें आलीं. शेजाऱ्याचें नांव अगदीं शेवटीं. प्रत्यक्ष प्रयोगांत मात्र शेजाऱ्यांचा दाखला देणारी चिठ्ठीच सर्वांत प्रभावी ठरली. मनुष्य आपल्याच वागणुकीचा साक्षीदार म्हणून फारसा भरंवशाचा नसतो, तो असा.

२००७ सालींच डॅन येट्स व ॲलेक्स लॅस्की यांनीं या कल्पनेवर ओपॉवर नांवाची कंपनी काढली. २००८ पासून सॅक्रामेंटो शहरांतील हजारों घरांस तिचीं पत्रें जाऊं लागलीं. सारख्या आकाराचीं सुमारें शंभर जवळपासचीं घरें निवडून त्यांच्याशीं तुलना करावयाची, अशी रीत. हंट ऑलकॉट या अर्थशास्त्रज्ञानें सुमारें सहा लक्ष कुटुंबांचे आंकडे तपासून २०११ सालीं दाखविलें कीं, वापर सरासरीनें शेंकडा दोन घटतो. दोन म्हणजे कांहींच नाहीं असें वाटेल. पण तेवढ्यासाठीं दर वाढवावयाचा तर तो शेंकडा अकरा ते वीस वाढवावा लागला असता. पुढें २०१६ सालीं ओरॅकल कंपनीनें ओपॉवर विकत घेतली.

भारतांतील हकीकत याहून मनोरंजक आहे. दिल्लीच्या एका उपनगरांत अनंत सुदर्शन यांनीं कांहीं कुटुंबांस दर आठवड्याला असे तुलनेचे अहवाल पाठविले. उन्हाळ्यांतील वापर शेंकडा सात घटला. दुसऱ्या गटाला तोच अहवाल, आणि जोडीला पैशांचें बक्षीस व दंड. अपेक्षा अशी कीं हा गट पुढें जाईल. पण २०१७ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, पैसा मध्यें येतांच परिणाम नाहींसा झाला. अब्रूचा प्रश्न व्यवहाराचा झाला कीं मनुष्य हिशेब करतो, व किंमत परवडत असेल तर खुशाल कूलर लावतो, असा त्याचा अर्थ लावतां येतो. २०१८ सालीं दिल्लींतील बीएसईएस राजधानी कंपनीनें सुमारें दोन लक्ष ग्राहकांसाठीं असाच उपक्रम हातीं घेतला.

नागपुरांत महावितरणच्या बिलावर ग्राहकाची तुलना त्याच्याच मागील महिन्यांशीं केलेली असते. दराचे टप्पे १००, ३०० व ५०० युनिटांवर बदलतात, त्यामुळें टप्पा ओलांडूं नये म्हणून धडपडणारीं घरें पुष्कळ. येथें शेजाऱ्याचा आंकडा छापावयाचा तर शेजारी कोण, हें आधीं ठरवावें लागेल. महालांतील जुन्या वाड्यांत एका खोलीला वातानुकूल यंत्र असतें, तर जिन्याखालच्या बिऱ्हाडांत नुसता पंखा. त्या बिऱ्हाडाचा आंकडा सर्वांत कमी येणार. तो काटकसरीनें कमी नाहीं, कूलर घेण्याची ऐपत नाहीं म्हणून कमी. त्याला हसरा चेहरा दाखविणें ही शाबासकी कीं थट्टा?

उलट बाजूहि हलकी नाहीं. शहराच्या उत्तरेस कोराडी व खापरखेडा येथें दगडी कोळसा जाळूनच वीज निघते. जुलै २०२२ मध्यें खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटून राखमिश्रित पाणी आसपासच्या शेतांत शिरलें. त्या शेतकऱ्याच्या विजेचें बिल धरमपेठेंतील बंगल्याशीं कोणी ताडून पाहिलेलें नाहीं.

वेळोवेळचा वापर टिपणारा नवा स्मार्ट मीटर महाराष्ट्रांत येऊं लागला, तेव्हां विरोध इतका झाला कीं, सामान्य ग्राहकांवर प्रीपेड मीटर लादला जाणार नाहीं, असें शासनास २०२४ सालीं जाहीर करावें लागलें. कुंपणापलीकडून आलेल्या प्रश्नाला "आलें नेहमींएवढेंच" असें म्हणून वेळ मारून नेतां येत असे. नव्या मीटरांतील नोंद दुपारीं दोन वाजतां कूलर चालू होता कीं नव्हता, हेंहि सांगूं शकते.