जुळ्या कोकरांचा प्रवास : सुंदरबन ते फलटण

दख्खनी मेंढी चालण्यासाठी जन्मलेली. वाड्याबरोबर मैलोगणती चालायची, वेताला एक कोकरू द्यायची आणि घोंगडीपुरती भरड लोकर. घोंगडीचे गिऱ्हाईक घटले, मटणाचा भाव चढला, तशी मेंढपाळाची कमाई कोकरावर आली. सरकारी संकर योजनांनी मात्र दीर्घकाळ मेरिनो, रॅम्बुइए असे नर आणून बारीक लोकरीचाच पाठपुरावा केला.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने कोकरांची संख्या वाढवायचे ठरवले. १९९०च्या दशकात तिथे सुंदरबनातली गरोळ मेंढी आली. अंगाने दख्खनीच्या निम्मी, पण जुळी-तिळी देणारी.

या मेंढीचा धागा फार मागे जातो. १७९२-९३मध्ये कलकत्त्याहून बंगाली मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या. पुढे तिथल्या ‘बुरुला’ नावाच्या शेतावरच्या मेरिनो मेंढ्या अनेक कोकरे देतात म्हणून गाजल्या. हा गुण बंगाली रक्तातून आला असावा, असे हेलन न्यूटन टर्नर यांनी १९८२मध्ये मांडले. २००१मध्ये त्यामागचे जनुक सापडले आणि लगेच तेच गरोळमध्येही आढळले.

त्याआधी नरात हा गुण आहे का, हे त्याच्या मुलींवरून ताडावे लागे. आता रक्ताचा नमुना पुरू लागला. गरोळचे जनुक ठेवायचे आणि दख्खनीशी पुन्हा पुन्हा संकर करून अंगलोट परत मिळवायची, असा क्रम बसला. त्यातून ‘नारी सुवर्णा’ घडली.

मला या इतिहासात मोलाचा वाटतो तो संयम. या जनुकाची एक प्रत असलेली मेंढी बहुधा जुळी देते. दोन प्रती असल्या की तिळ्यांचा संभव वाढतो. तिळी अशक्त जन्मतात, आईचे दूध पुरत नाही आणि वाटचालीत ती दगावतात. जुळ्यांनाही आईचा खुराक वाढवावा लागतो, पहिले काही दिवस कोकरे वाड्यावर जपावी लागतात. म्हणून चार-दहा मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्याने नर घेताना आधी घरचा चारा मोजावा. बाजारात पैसा होतो तो जगलेल्या कोकराचा.