दृष्टांतानंतरची पायरी

मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर महानुभावांची काशी म्हणून ठाऊक आहे, लीळाचरित्राचे गाव म्हणूनही. काहीही गृहीत न धरता, एकेक पायरी उघड करत शिकवण्याची जी रीत आज शिक्षक प्रशिक्षणांत सांगितली जाते, तिचे एक जुने मराठी मूळ याच गावी जमलेल्या माणसांपाशी सापडते. वऱ्हाडातल्या शिक्षकांनी ते आपले म्हणून ओळखावे, असे मला मनापासून वाटते.

महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी गेल्यावर नागदेवाचार्य आणि इतर शिष्य रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहिले. म्हाइंभटांनी गावोगाव फिरून स्वामींच्या आठवणी गोळा केल्या आणि त्यातून लीळाचरित्र उभे राहिले. याच मंडळींत केशिराज, म्हणजे केसोबास होते. संस्कृतात मुरलेले पंडित. पण नागदेवाचार्यांनी त्यांना संस्कृतात लिहिण्यापासून अडवले. पंथातल्या म्हाताऱ्या बायकांना ते कळणार नाही, त्या वंचित राहतील, हे त्यांचे कारण. शिकणारी व्यक्ती कोण, हे आधी ठरले आणि ग्रंथाची भाषा मागाहून.

तेराव्या शतकाच्या अखेरीस केसोबासांनी चक्रधरांच्या वचनांतून ‘दृष्टांतपाठ’ रचला. त्यात ११४ दृष्टांत आहेत आणि मांडणी ठरलेली आहे: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. सूत्र म्हणजे सांगायचे तत्त्व, दृष्टांत म्हणजे त्याचा दाखला, आणि दार्ष्टांतिक म्हणजे दाखल्यातली कोणती गोष्ट तत्त्वातल्या कशाशी जुळते याचा खुलासा. पहिले दोन भाग चक्रधरांचे, तिसरा केसोबासांचा. ही तिसरी भर त्यांना आवश्यक वाटली, यातच त्यांच्यातला शिक्षक मला दिसतो.

हत्तीचा दृष्टांत घ्या. गावात हत्ती येतो आणि जन्मांध माणसे त्याला चाचपायला जातात. पाय धरणाऱ्याला तो खांबासारखा वाटतो, कान धरणाऱ्याला सुपासारखा. डोळस माणसाला मात्र हत्तीही दिसतो आणि त्याचे अवयवही. गोष्ट इथे संपवली, तर ऐकणारा आपापल्या परीने अर्थ काढील. कोणी म्हणेल सगळ्यांचेच थोडेथोडे खरे, कोणी म्हणेल भांडू नये. केसोबास ही मोकळीक ठेवत नाहीत. आंधळे म्हणजे कोण, डोळस म्हणजे कोण, हे ते लगेच जुळवून देतात. खूप जणांना यात रसभंग वाटेल. कथेत तो होतोही. पण शिकवताना हा खुलासा टाळला, की शिकणारा स्वतःच त्या आंधळ्यांसारखा दाखल्याचा हाती लागेल तो अवयव धरून बसतो.

या रीतीचे आजोळ बहुधा न्यायशास्त्रात असावे. नैयायिकांच्या पंचावयव वाक्यात प्रतिज्ञा, हेतू आणि उदाहरण झाले की ‘उपनय’ येतो. जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, आणि तसाच धूर या डोंगरावर आहे. ‘तसाच इथे’ हे उच्चारून सांगण्याला तिथे स्वतंत्र अवयवाचा मान आहे. केसोबासांसारख्या पंडिताला हे परके नसणार. त्यांचे मोठेपण असे, की वादसभेतली शिस्त त्यांनी बायाबापड्यांच्या मराठीत आणली. पुढे पंथात ‘प्रकरणवश’ नावाची टीकाही तयार झाली. कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून सांगितले, याची ती नोंद.

एवढे घराचे. पण अमरावती-अकोल्याच्या अध्यापक विद्यालयांतून शिक्षकांच्या पिढ्या जी मांडणी शिकल्या, ती जर्मनीची. योहान हर्बार्ट यांचा शिक्षणशास्त्रावरचा ग्रंथ १८०६ चा. १८०९ मध्ये ते क्योनिग्सबर्गला कांटच्या जागेवर प्राध्यापक झाले. त्यांच्या पायऱ्या चार होत्या. त्यांचे अनुयायी त्सिलर यांनी पहिलीचे दोन भाग केले आणि राइन यांनी ती मांडणी पक्की केली. हीच आपली ‘हर्बार्टची पंचपदी’: पूर्वतयारी, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. सराव पाठाच्या टाचणात ‘हेतुकथन’ येते, ‘आज आपण अमुक शिकणार आहोत’ हे वाक्य येते, तेही याच घराण्याचे. पंचपदी उद्गामी आहे, दाखल्यांवरून नियमाकडे चढणारी. दृष्टांतपाठ अवगामी आहे, नियमापासून दाखल्याकडे उतरणारा. दिशा उलट, तरी दाखला आणि नियम यांची सांगड मुलावर सोडून देऊ नये, याबाबत दोघांचे एकमत.

अमेरिकेत सिगफ्रिड एंगेलमन यांनी १९६० च्या दशकापासून याच सांगडीवर आयुष्य वेचले. एका दाखल्यातून अनेक अर्थ निघतात, म्हणून दाखले आणि प्रतिदाखले असे निवडावेत की एकच अर्थ उरेल, असे त्यांचे प्रतिपादन. बराक रोझेनशाईन यांनी २०१० मध्ये अध्यापनाची तत्त्वे मांडली, त्यांतही लहान पायऱ्या, करून दाखवणे आणि सोबतीने सराव यांवरच भर आहे.

आता चौथीचा गणिताचा तास डोळ्यांसमोर आणा. फळ्यावर १/२ आणि १/३. सूत्र असे: अंश सारखा असेल, तर ज्याचा छेद मोठा तो अपूर्णांक लहान. दृष्टांत ज्वारीच्या भाकरीचा: एक भाकर दोघांत वाटली आणि तेवढीच दुसरी तिघांत. ‘समजलं काय रे पोट्टेहो?’ वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. आणि तपासायला आलेल्या वह्यांत अर्ध्याअधिक मुलांनी १/३ मोठा लिहिलेला असतो, कारण तीन दोनापेक्षा मोठे. मुलांना भाकर कळली होती. खालचा आकडा म्हणजे खाणारी माणसे, वरचा आकडा म्हणजे आपल्या वाट्याचा तुकडा आणि दोन्ही भाकरी सारख्याच असल्या पाहिजेत, हे कोणी बोललेच नव्हते. हे तीन दुवे बोटाने दाखवत सांगावे, मग १/४ आणि १/५ घेऊन मुलांकडून वदवून घ्यावे. दार्ष्टांतिक म्हणतात ते हेच, आणि त्याला पाच मिनिटे लागतात.

अशा शिकवण्याने घोकंपट्टी होते, असा आक्षेप येतो. सूत्र पाठ करवून थांबले, तर होतेच. पण लीळाचरित्रातली चक्रधरांची शिष्या महदाइसा पानोपानी प्रश्न विचारते आणि चक्रधर तिला उत्तर देतात. रीत काटेकोर असूनही विचारणाऱ्याला तिथे पुरेपूर जागा होती.

मराठीचे विद्यार्थी दृष्टांतपाठ प्राचीन गद्य म्हणून वाचतात. ह. ना. नेने आणि नी. ब. भवाळकर यांनी तो संपादून दिला, नरवेलच्या वि. भि. कोलते यांनी तर महानुभाव वाङ्मयावर आयुष्य घातले. आता रिद्धपूरलाच मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. तिथून हा ग्रंथ अमरावती-अकोल्याच्या बी.एड.च्या वर्गांत जावा. पंचपदी शिकणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या सराव पाठाआधी त्यातला एक दृष्टांत तीन भागांत फळ्यावर मांडावा, आणि मग आपल्या टाचणात दार्ष्टांतिकाची जागा कुठे आहे, ते शोधावे.