गळ्याला पट्टी बांधून

शनिवार-रविवारच्या बुद्धिबळ स्पर्धेत कणकण अंगात असताना चौथ्या फेरीला बसलं की मला मीर सुलतान खान आठवतो. घसा धरलेला असताना पाणीही नीट गिळवत नाही, मग पटावरची उंटाची तिरपी रेघ कुठून दिसणार?

पंजाबातला हा खेळाडू आपले आश्रयदाते सर उमर हयात खान यांच्यासोबत 1929 मध्ये लंडनला गेला. देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीतही एकच घर सरकतं. त्याचा हात त्यावरच घडलेला, म्हणून तिकडची सुरुवात त्याला नव्यानं शिकावी लागली. वर मलेरिया, सर्दी आणि सतत सुजणारा घसा. गळ्याला पट्ट्या गुंडाळून तो खेळायला येई. तरीही 1929, 1932 आणि 1933 मध्ये ब्रिटिश विजेतेपद त्याचंच. हेस्टिंग्जच्या 1930-31 च्या हिवाळी स्पर्धेत त्यानं माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला 65 चालींत हरवलं. तो डाव मी पुन्हापुन्हा मांडते. घाई कुठेच नाही, नुसता दाब वाढत जातो. आजारी माणसाकडे एवढा धीर येतो कुठून!

1933 च्या अखेरीस तो मायदेशी परतला. 1935 मध्ये आपल्याकडच्या वि. का. खाडिलकर या बुद्धिबळपटूशी तो दहा डाव खेळला. एक बरोबरीत सुटला, बाकीचे नऊ त्यानं जिंकले.