शिवनाथच्या काठी एक उपवन

परमुलखात नोकरी करणाऱ्या माणसास त्या मुलखाचा इतिहास बहुधा बदलीचा हुकूम हाती पडेपर्यंत कळत नाही. आम्हीही त्यास अपवाद नव्हतो. भिलाई म्हणजे पोलादाचा कारखाना, सेक्टरांत वाटलेल्या वसाहती आणि नागपूरकडे जाणारी गाडी, एवढेच आमचे ज्ञान होते. मात्र सुटीच्या दिवशी दुर्गजवळ शिवनाथच्या काठी बसलो असता एक प्रश्न वारंवार मनात येई. या नदीकाठी एखादे स्मृति-उपवन करावयाचे ठरले, तर ते कोणाच्या स्मृतीसाठी करावे?

आमच्या मते ते एका प्रवासाच्या स्मृतीसाठी व्हावे, आणि तो प्रवास आरंभ होतो आपल्या चांदा जिल्ह्यात. जमशेटजी टाटांच्या लोखंडाच्या स्वप्नाचा उगम तेथीलच लोहारा गावच्या धातुकाची ख्याती हा होता. १९०३ च्या सुमारास त्यांचे पुत्र दोराबजी, अमेरिकन भूशास्त्रज्ञ वेल्ड आणि जमशेटजींचे भाचे शापुरजी सकलातवाला यांनी त्या रानांत शोध केला. धातुक होते, परंतु भट्टीस लागणारा कोक होईल असा कोळसा जवळ नव्हता. बेत सोडावा लागला.

हा नकार कळविण्यास दोराबजी नागपुरास सचिवालयात गेले. भेट होण्यास अवकाश होता, म्हणून ते समोरच्या संग्रहालयात शिरले. नागपूरकर ज्यास अजब बंगला म्हणतात तेच हे संग्रहालय. तेथे भिंतीवर मध्यप्रांताचा भूगर्भीय नकाशा होता आणि त्यात आजच्या दुर्ग-बालोदकडील भाग लोखंडाच्या गडद रंगाने दाखविला होता. त्या काळी दुर्ग हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता. तो १९०६ साली झाला. नकाशाच्या आधारे ही मंडळी ढल्ली-राजहराच्या टेकड्यांवर पोहोचली. पायांखाली धातूसारखा नाद करणारी ती टेकडी म्हणजे उत्तम धातुकाचा ढीगच होता.

साहेबाच्या भेटीसाठी ताटकळणे आम्हां कारकुनांच्या नित्य परिचयाचे आहे. त्या ताटकळण्यातून एवढे काही निपजल्याचे उदाहरण मात्र आम्हांस दुसरे ठाऊक नाही.

तथापि या कथेस येथेच पूर्णविराम देणे अन्यायाचे होईल. त्या टेकड्या कोणी रिकाम्या रानात ‘शोधून काढल्या’ नव्हत्या. भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील प्रमथनाथ बसू यांनी त्या पूर्वीच पाहिल्या होत्या, आणि रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील लोह-उद्योगावर १८८७ साली टिपण प्रसिद्ध केले होते. लोह-उद्योग म्हणजे कोणाचा? छत्तीसगडच्या रानांत अगरियांसारखे लोक पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भट्ट्या लावून, लोणारी कोळसा घालून, पायांनी भाते दाबून लोखंड गाळीत होते. कोणत्या टेकडीचा दगड चांगला, हे त्यांस नकाशावाचून कळत होते. सर्वेक्षकास वाट दाखविणारा धूर त्यांच्या भट्ट्यांचा होता.

ढल्लीचा शोधही त्या वेळी निष्फळच ठरला, कारण योग्य कोळसा फार दूर. पुढे १९०४ च्या फेब्रुवारीत बसूंनीच पत्र लिहून मयूरभंजचे धातुक जमशेटजींस कळविले आणि कारखाना जमशेदपुरास उभा राहिला. ढल्ली-राजहरा अर्धशतक थांबली. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तिच्यासाठी धातुक आले ते त्याच टेकड्यांतून. सकलातवाला पुढे विलायतेत कम्युनिस्ट म्हणून पार्लमेंटात निवडून गेले होते. त्यांनी तुडविलेल्या टेकडीचे धातुक रशियन साह्याने उभारलेल्या भट्टीत पडावे, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा.

उद्यानांतून स्मृती जतन करण्याची प्रथा नवी नाही. जमशेदपूरचे जुबिली पार्क कारखान्याच्या पन्नाशीनिमित्त १९५८ साली खुले झाले. भिलाईचा मैत्री बाग भारत-सोव्हिएत स्नेहासाठी आहे. अमेरिकेत सेंट लुई येथे मिसिसिपीच्या काठी १९६५ साली पूर्ण झालेली भव्य कमान पश्चिमेकडील विस्ताराचे स्मारक म्हणून उभी आहे. १८०६ साली लुईस व क्लार्क आपल्या प्रवासाहून याच गावी परतले होते. परंतु त्या प्रवासात दुभाषी झालेली साकागाविया नावाची शोशोनी तरुणी आणि ज्यांच्या भूमीतून वाट गेली ते लोक यांची आठवण पुष्कळ उशिरा झाली. आपण तो उशीर का करावा?

शिवनाथच्या काठचे आमच्या कल्पनेतील उपवन खर्चाचे नाही. तांदुळा नदी दक्षिणेकडील डोंगराळ मुलखातून येऊन शिवनाथेस मिळते, आणि तांदुळेच्याच जलाशयाचे पाणी कारखान्यास पुरते. म्हणून स्थान नदीकाठच योग्य. तेथे चांदा, नागपूर, ढल्ली असा वाटेचा दगडी नकाशा असावा. प्रवेशद्वारापाशी मात्र कोणा धनिकाचा वा साहेबाचा पुतळा नको. तेथे मातीची एक लहानशी भट्टी आणि तिचा भाता असावा.

आम्ही येथे चार-सहा वर्षांचे पाहुणे. बदली झाली की सामान बांधून निघू. परंतु ज्या नदीचे पाणी प्यालो तिच्या काठी कोणाचे नाव विसरले गेले आहे, एवढे विचारून निघालो, तर ती मुक्कामाची परतफेड ठरेल.