मंदील

मंदील : डोक्यास गुंडाळण्याचे जरीचे वस्त्र आणि त्या वस्त्राचे बांधलेले पागोटे. पगडी, फेटा, पटका, मुंडासे, रुमाल इ. शिरोवेष्टनांच्या नावांत मंदील हे नाव विशेष मानाचे समजले जाई. ‘मंदील’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. फारसीत तो अरबीतून, अरबीत आरमाईकमधून आणि आरमाईकमध्ये लॅटिनमधून आलेला आहे. कोशांत अशा शब्दापुढे ‘फारसी’ किंवा ‘अरबी’ अशी खूण असते. परंतु ती त्याचा अखेरचा मुक्काम दाखविते, मूळ स्थान नव्हे. मंदील हे याचे उत्तम उदाहरण होय.

व्युत्पत्ती : लॅटिनमधील मूळ शब्द ‘मांतेले’ अथवा ‘मांतीले’ असा असून त्याचा अर्थ हात पुसण्याचे वस्त्र असा होता. रोमन पंडित व्हारो (इ. स. पू. ११६–२७) याने या शब्दाचा संबंध ‘मानुस’ (हात) आणि ‘तेर्गेरे’ (पुसणे) या शब्दांशी जोडला आहे. सेव्हिलचा इसिडोर (सु. ५६०–६३६) याच्या वेळेपर्यंत या शब्दाचा अर्थ बदलला होता. या वस्त्राने आता मेज झाकतात, मात्र ते पूर्वी हात पुसण्यासाठी देत असत हे त्याच्या नावावरूनच दिसते, असे तो नमूद करतो. रोमन साम्राज्याच्या पूर्व भागात हाच शब्द ग्रीक व आरमाईक भाषांत रूढ झाला. अरबीत त्याचे ‘मंदील’ (किंवा ‘मिंदील’) असे रूप होऊन हातपुसणे, तोंडपुसणे, हातरुमाल असे त्याचे अर्थ झाले. फारसीत त्याला पागोटे हाही अर्थ प्राप्त झाला. तुर्कीत ‘मेंदिल’ म्हणजे आजही हातरुमालच.

ध्वनिसाम्यामुळे हा शब्द संस्कृत ‘मंड्’ (सजविणे) या धातूशी किंवा ‘मंदिर’ या शब्दाशी जोडण्याचा मोह होतो. परंतु त्यास आधार नाही.

रोमान्स भाषांतील रूपे : लॅटिनपासून निघालेल्या भाषांत हा शब्द दोन वाटांनी पोहोचला. स्पॅनिशमधील ‘मांतेल’ (मेजावरील आच्छादन) व इटालियनमधील ‘मांतीले’ ही रूपे थेट लॅटिनमधून आली. याउलट स्पॅनिशमधील ‘मांदिल’ (कामाच्या वेळी कमरेस बांधावयाचे वस्त्र) हा शब्द स्पेनमधील अरबी राजवटीच्या काळात अरबीतून आला. घोड्यास खरारा केल्यानंतर वापरावयाच्या वस्त्रासही तेथे हेच नाव आहे. अशा प्रकारे एकच लॅटिन शब्द एकदा वारशाने आणि दुसऱ्यांदा पूर्वेकडून परत येऊन एकाच भाषेत दोन वेगळ्या अर्थांनी नांदत आहे. स्पॅनिश स्त्रिया डोक्यावरून घेतात त्या जाळीदार वस्त्राचे ‘मांतिया’ हे नाव मात्र ‘मांता’ (पांघरूण) या शब्दाचे लघुत्वदर्शक रूप आहे. त्याचा मांतेलेशी असलेला संबंध सर्वमान्य नाही.

फारसी ‘दुलबंद’ या शब्दाचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. तो तुर्कीत ‘तुलबेंद’ झाला आणि त्यावरून इटालियन, स्पॅनिश व पोर्तुगीज ‘तुर्बांते’ आणि फ्रेंच ‘त्युर्बां’ ही पागोट्याची नावे निघाली. ट्यूलिप या फुलाचे नावही त्याच्या पागोट्यासारख्या आकारामुळे याच शब्दावरून पडले आहे.

मराठीतील प्रवेश : लॅटिन मूळ असलेले बरेच शब्द पोर्तुगिजांबरोबर समुद्रमार्गे मराठीत आले. उदा., ‘चावी’ हा शब्द पोर्तुगीज ‘शाव्ही’ आणि त्यामागील लॅटिन ‘क्लाव्हिस’ यापासून आला आहे. मंदील त्यांपैकी नव्हे. पोर्तुगीजमध्येही ‘मांदिल’ हा शब्द आहे. पण त्याचे जाडेभरडे वस्त्र, कमरेचे वस्त्र हे अर्थ मराठीत कोठेही उतरलेले नाहीत. मराठीतील अर्थ फारसीतील ‘पागोटे’ या अर्थाशी जुळतो. दक्षिणेत १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झाले. त्यानंतर दरबाराची भाषा फारसी असल्याने पोषाख, मानमरातब व कापड यांविषयीचे अनेक फारसी शब्द मराठीत रुळले. शिरपेच व शिरपाव हे शब्द त्यांपैकीच होत. मराठी राज्यातही सन्मानाची वस्त्रे देण्याची प्रथा चालू राहिली व तिच्याबरोबर हे शब्दही टिकले.

अर्थांतर : हात पुसण्याच्या फडक्याचे नाव मानाच्या पागोट्यास कसे लाभले, याचे उत्तर वस्त्राच्या स्वरूपात सापडते. न शिवलेला लांबट कापडाचा तुकडा हाती असला म्हणजे हातपुसणे, कमरबंद व शिरोवेष्टन हे सर्व उपयोग त्याच तुकड्याने साधतात. नाव कापडाचे असते आणि अर्थ उपयोगानुसार ठरतो. मराठी ‘रुमाल’ या शब्दाची कथा अशीच आहे. फारसीत ‘रू’ म्हणजे तोंड व ‘माल’ म्हणजे पुसणारे. हे तोंडपुसणे मराठीत डोक्यास बांधावयाचे वस्त्र झाले, तसेच कागदपत्रांचा गठ्ठा बांधण्याचे कापड व तो गठ्ठाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद अशाच रुमालांत बांधलेले आहेत. लॅटिन मांतेले व फारसी रुमाल हे परस्परांशी असंबद्ध शब्द ‘पुसणे’ या एकाच कल्पनेतून निघून महाराष्ट्रात डोक्यावर पोहोचले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

सद्यःस्थिती : मंदिलास लागणाऱ्या रेशमाच्या व जरीच्या विणकामाची परंपरा नासिक जिल्ह्यात अद्याप टिकून आहे. नांदगाव तालुक्यास लागून असलेल्या येवले येथील माग मुख्यतः पैठणीसाठी प्रसिद्ध आहेत. लग्नसमारंभात पुरुष आता बहुधा फेटा बांधतात. जरीचे पागोटे डोक्यावर आले, तरी त्यास मंदील म्हणणारे थोडेच आढळतात. नित्याच्या व्यवहारातून हा शब्द जवळजवळ लोपला असून तो जुने कागद, लोकगीते आणि कोश यांत उरला आहे. वस्त्राचा वापर थांबला की त्याच्या नावाचा अर्थ धूसर होतो आणि अर्थाबरोबर त्या नावाने जोडलेला दूरदेशीचा संबंधही विस्मृतीत जातो. म्हणूनच अशा शब्दाची नोंद करताना तो परका की स्वकीय एवढाच निवाडा पुरेसा ठरत नाही. तो कोणकोणत्या भाषांतून व कोणत्या वापरातून आला, हेही नोंदविणे आवश्यक ठरते.