प्रिंटरची मातृभाषा

बँकेत वीस वर्षे घासली की माणसाविषयी गावात काही समज पक्के होतात. एक, त्याच्याजवळ पैसे असतात. दोन, त्याला इन्कम टॅक्स कळतो. आणि अलीकडे उत्पन्न झालेला तिसरा, त्याला प्रिंटर कळतो. पहिल्या दोहोंचे मी यथाशक्ती निराकरण केले आहे. (पहिला सासुरवाडीला अजून टिकून आहे.) तिसऱ्यात मात्र सापडलो. हा गृहस्थ तलासरीच्या काउंटरवर दिवसभर पासबुके छापतो, म्हणजे प्रिंटर याच्या शब्दाबाहेर नसणार, असे आमच्या डहाणूच्या वाचनालयाच्या कमिटीला वाटले आणि ‘लिनक्सवर चालेल असा प्रिंटर निवडणे’ हे काम माझ्याकडे सर्वानुमते, म्हणजे मी गैरहजर असताना, सोपवण्यात आले.

लिनक्स अशासाठी, की वाचनालयाला कुणी दोन जुने कॉम्प्युटर दान दिले होते. त्यांत विंडोज घालायचे तर परवान्याचे पैसे पडणार. लिनक्स फुकट. ‘फुकट’ एवढे ऐकल्यावर आमच्या खजिनदारांनी पुढचे ऐकलेच नाही. ग्रंथपालबाईंच्या भाच्याने एका संध्याकाळी दोन्ही कॉम्प्युटर चालू करून दिले. त्यांवर मराठी दिसू लागले, जोडाक्षरेसुद्धा शुद्ध. आता कागदावर तेवढे उतरायचे राहिले होते.

आणि ते उतरायलाच हवे होते. दर रविवारी तलासरीकडची मुले आमच्याकडे अर्ज भरायला येतात. शिष्यवृत्तीचे, वसतिगृहाचे, जातीच्या दाखल्याचे. अर्ज ऑनलाइन भरला तरी कचेरीत गेल्यावर साहेब पहिले विचारतात, ‘प्रत कुठंय?’ प्रत नसली की परत जा. परत जाणे म्हणजे जीपचे भाडे आणि बापाचा एक दिवसाचा रोज. या भागातल्या माणसांचा कागदाशी आलेला संबंध तसा जुना आहे. वाचता न येणाऱ्या कागदावर अंगठा उठवायचा आणि सावकाराच्या शेतावर वेठीला जायचे, असा तो संबंध. १९४५ साली तलासरीजवळच्या झरीला वारली एकत्र जमले आणि वेठीला नाही म्हणाले, त्याला ऐंशी वर्षे झाली. आजही एखादी म्हातारी काउंटरवर येते, पासबुक छापून घेते, इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवते आणि मला विचारते, ‘दादा, किती हाय?’ मी सांगतो तो आकडा तिने खरा मानायचा. माझ्या चेहऱ्यावर इतका विश्वास आमच्या घरातही कुणी टाकत नाही.

वाचनालयात एक प्रिंटर आधीच होता, तोही दानातला. दिसायला देखणा. वायर जोडली की हिरवा दिवा लावी, घशात काहीतरी घोळल्यासारखा आवाज करी आणि गप्प बसे. भाचा म्हणाला, ‘काका, याचा लिनक्सचा ड्रायव्हर कंपनीने केलाच नाही.’ खजिनदार म्हणाले, ‘ड्रायव्हर कशाला? हा काय ट्रक आहे?’

मी पडलो कॉमर्सवाला. ताळेबंद जुळला नाही की मागच्या नोंदी काढून बघायच्या, एवढेच मला शिकवलेले. म्हणून मी प्रिंटरच्या मागच्या नोंदी काढू लागलो आणि काढता काढता थेट १६७० सालात जाऊन पोचलो. तेसुद्धा सुरतेला. आमच्या डहाणूहून गाडीने जेमतेम दोन-अडीच तास.

सुरतेत भीमजी पारेख नावाचे बडे व्यापारी होते, ईस्ट इंडिया कंपनीचे दलाल. आपले जुने ब्राह्मणी ग्रंथ छापावेत असे त्यांच्या मनात आले आणि त्यांनी कंपनीमार्फत विलायतेला लिहिले, की एक चांगला प्रिंटर पाठवा. त्या काळचा प्रिंटर दोन हात, दोन पाय आणि पगार असलेला असे. कंपनीने चार वर्षे विचार केला (आमच्या हेड ऑफिसच्या मानाने तडकाफडकी) आणि १६७४ साली हेन्री हिल्स नावाचा प्रिंटर, छापयंत्र, खिळे आणि कागद असा सगळा सरंजाम मुंबईला रवाना केला. हिल्ससाहेबांचा पगार सालीना पन्नास पौंड. खर्च भीमजींच्या नावे टाकला. ही नोंद वाचून मला कंपनी एकदम आपली वाटली.

हिल्ससाहेब उतरले, पेट्या उघडल्या आणि मग उलगडा झाला की साहेबांना छापता येते, पण देशी लिपीचे खिळे कोरता येत नाहीत. विलायती अक्षरे हवी तेवढी. भीमजींना हवी होती ती ‘बनियन’ अक्षरे, म्हणजे व्यापाऱ्यांची लिपी, मात्र शून्य. यंत्र आले, कागद आला, माणूस आला, पगार चालू झाला आणि ड्रायव्हर तेवढा विलायतेत राहिला. भीमजींनी हाय खाल्ली नाही. आपलीच माणसे बसवून अक्षरे पाडायला लावली. ती बरी उमटल्याचे सुरतेच्या इंग्रजांनी वर कळवलेही. पण त्यातून निघालेला एखादा ग्रंथ आज काही आपल्या हाती नाही.

पुढचे दीडशे वर्षांनी मुंबईत गणपत कृष्णाजींनी निभावले. अमेरिकन मिशनचा छापखाना त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि त्यावरून स्वतःच यंत्र उभे केले, शाई घोटली आणि १८३१ साली पंचांग छापून बाजारात आणले. पुढे खिळेही स्वतः पाडले. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील पोथीला शिवेनात, तर या गृहस्थाने तूप घालून शाई केली! गिऱ्हाइकाचे सोवळे सांभाळणारा हा प्रिंटर. आमच्या दानातल्या प्रिंटरला दुसऱ्या कंपनीची शाई दाखवली असती तरी त्याने सुतक धरले असते.

यानंतर गोष्ट सातासमुद्रापलीकडे जाते, कारण लिनक्सच्या कुळाची सुरुवातच एका अडलेल्या प्रिंटरपाशी आहे. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे गृहस्थ होते. प्रिंटर एका मजल्यावर, माणसे भलत्याच मजल्यावर, असा जुना प्रकार. कागद अडकला की कुणाला पत्ता नसे. तेव्हा यांनी जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्येच दुरुस्ती करून ठेवली, की कागद अडकला रे अडकला की वाट पाहणाऱ्या सगळ्यांच्या पडद्यावर निरोप जावा. १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीने त्यांना नवा झकास लेसर प्रिंटर दिला. यातही कागद अडके. मात्र याचा मूळ प्रोग्रॅम कंपनीने दिला नव्हता, त्यामुळे निरोपाची सोय करता येईना. दुसऱ्या एका विद्यापीठात एकाजवळ तो प्रोग्रॅम आहे असे कळले, म्हणून स्टॉलमन तिथे गेले. तो म्हणाला, ‘देणार नाही, मी तसे लिहून दिले आहे.’

आपल्याकडे अशा प्रसंगी माणूस ‘बघून घेईन’ म्हणतो आणि घरी जाऊन जेवतो. स्टॉलमन यांनी खरोखरच बघून घेतले. १९८३ साली त्यांनी जाहीर केले, की आपण सगळी प्रणालीच नव्याने लिहू आणि तिचा मूळ प्रोग्रॅम सर्वांना उघडा ठेवू. त्या कामात १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने गाभा आणून बसवला, तो लिनक्स. एक कागद अडकला त्याचे एवढे झाले. माझ्या काउंटरवर आठवड्याला चार अडकतात आणि चहा मागवण्यापलीकडे काही घडत नाही.

आता मूळ प्रश्न. प्रिंटर लिनक्सशी बोलत का नाही? मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेचा सर्व्हर युनिक्सवर चाले. युनिक्स म्हणजे लिनक्सचा थोरला चुलता. प्रिंटर होते डॉट मॅट्रिक्स, रणगाड्यासारखा आवाज करणारे. पण ते साक्षर होते. साधी अक्षरे पाठवली की जशीच्या तशी कागदावर उमटवत. पुढचे लेसर प्रिंटर तर पदवीधर. त्यांना पानाची भाषा येई. पीसीएल म्हणा, पोस्टस्क्रिप्ट म्हणा, ठरलेल्या आणि जगाला ठाऊक असलेल्या भाषा. मग स्वस्ताई आली. कंपन्यांनी प्रिंटरमधला मेंदू काढून घेतला आणि त्याचे काम कॉम्प्युटरकडे सोपवले. प्रिंटर स्वस्त झाला खरा, पण आता त्याला फक्त घरातली खाजगी बोली कळू लागली, नवी नवरी आणि तिची आई फोनवर बोलतात तसली. ही बोली कंपनीने विंडोजला शिकवली, लिनक्सला शिकवली नाही. मग कुणीतरी भला माणूस रात्री जागून, चोरून ऐकून ती शिकून घेई आणि दुभाषा लिहून सगळ्यांना वाटून टाकी. गणपत कृष्णाजींचाच गोत्रज.

या भल्या माणसांनी प्रिंटरांची एक जाहीर यादीही करून ठेवली. लिनक्सवर उत्तम चालणारे, बहुतांशी चालणारे, थोडेफार चालणारे आणि मुळीच न चालणारे. या शेवटच्या वर्गाला त्यांनी नाव दिले होते ‘पेपरवेट’. आमच्या वाचनालयात समुद्राचा वारा येतो आणि दुपारी वर्तमानपत्रे उडतात. दानातल्या प्रिंटरची योग्य नेमणूक मला तिथल्या तिथे सुचली. टेबलावर तो आज उत्तम काम करतो आहे.

नव्याच्या बाबतीत नशीब मात्र अनपेक्षित बाजूने फळले. मायकेल स्वीट यांनी लिहिलेली ‘कप्स’ नावाची छपाईची व्यवस्था १९९९ साली बाहेर आली. तीच २००२ साली अ‍ॅपल कंपनीने आपल्या मॅकसाठी उचलली. पुढे २०१० साली अ‍ॅपलने ठरवले, की आपल्या फोनवरून ड्रायव्हरशिवाय छापता आले पाहिजे. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाला नाही कोण म्हणणार? प्रिंटरवाल्यांनी निमूटपणे आपल्या यंत्रांना प्रमाण भाषा शिकवली. ती भाषा लिनक्सलाही येते. जावयासाठी पुरण घातले, घरच्यांची दिवाळी झाली. म्हणून खोक्यावर ‘एअरप्रिंट’ लिहिले असेल तर लिनक्सवाल्याने निम्मा घोर सोडावा. पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल लिहिले असेल तर बराचसा. ‘फक्त विंडोज’ असेल तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडावे.

खरेदीला आम्ही वापीला गेलो, भाचा आणि मी. तलासरीहून हमरस्त्याने सरळ. शेठजींना म्हटले, ‘लिनक्सवर चालेल असा दाखवा.’

‘लिनक्स एटले कई कंपनी?’

‘कंपनी नाही. फुकट आहे.’

शेठजींच्या चेहऱ्यावरचा आदर तत्काळ ओसरला. त्यांनी शाईच्या टाकीचा एक रंगीत प्रिंटर पुढे सरकवला. पानामागे खर्च नगण्य, हे त्यांचे खरे होते. पण आमचे छापणे रविवारचे. आठवडाभर पडून राहिली की शाई नळीच्या तोंडाशी वाळते आणि ते तोंड धुण्यातच निम्मी बाटली जाते. लेसरची असते भुकटी. तिला वाळायला काही नसतेच. म्हणून काळाच लेसर आणि तोही नेटवर्कचा घ्यायचा हे ठरले. भाच्याने खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्यात अख्खे लिनक्स होते. शेठजींच्याच कॉम्प्युटरला तो लावून त्याने तिथेच पान काढायची परवानगी मागितली. कलिंगड वाजवून घेतात, नारळ हलवून घेतात, मग दहा-बारा हजारांची वस्तू मुकी का घ्यायची? पहिल्या प्रिंटरला घाम फुटला. दुसरा कॉम्प्युटरला आपण होऊन दिसला, नाव सांगता झाला आणि अर्ध्या मिनिटात ‘डहाणू’ हा शब्द ‘ण’च्या खालच्या ऊकारासकट छापून मोकळा झाला. शेठजींनी तो कागद उलटसुलट करून पाहिला. ‘ड्रायव्हर?’ ‘नाही लागत.’ मग त्यांनी भाच्याला चहा पाजला. मला विचारले नाही.

पहिल्या रविवारी तेवीस अर्ज निघाले. वसतिगृहाच्या अर्जावर एका मुलीचे आडनाव चुकले होते. ते तिच्या बापाने, कागद हातात घेऊन, बोट ठेवून दाखवले. दुरुस्त करून दुसरे पान काढले. पावसाळ्यात डहाणूची दमट हवा कागदात शिरते आणि कागद अडकतात, म्हणून रीम आता ग्रंथपालबाईंच्या पापडाच्या डब्यात राहते. अर्जांना किंचित हिंगाचा वास येतो. कचेरीतून अजून तक्रार नाही.

खजिनदारांनी हिशेब तपासताना एकच हरकत घेतली. खोक्यात विंडोजच्या ड्रायव्हरची एक सीडी निघाली होती, आणि पैसे भरून आलेली वस्तू पडून का, असा त्यांचा सवाल होता. ती त्यांनीच घरी नेली. सध्या ती त्यांच्या वाडीत चिकूच्या झाडाला दोऱ्याने टांगलेली आहे. उन्हात चमकते आणि पोपट येत नाहीत. वटवाघळे येतात, कारण ती रात्री येतात.